स्पीडी विरुद्ध एल गामो: ५४ जणांनी ३१९ जणांचे जहाज कसे जिंकले? एका सागरी चित्रामागची गोष्ट

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात क्लार्कसन स्टॅनफील्ड या इंग्रज चित्रकाराचे एक तैलचित्र आहे. ६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळच्या समुद्रात झालेली एक लढाई त्यात रंगवली आहे. एका बाजूला ‘एचएमएस स्पीडी’ ही ब्रिटिश नौदलाची छोटी युद्धनौका आहे, तर दुसऱ्या बाजूला ‘एल गामो’ हे तिच्या कितीतरी पट मोठे स्पॅनिश जहाज. लढाई छोट्या नौकेने जिंकली. तिचा कप्तान होता २५ वर्षांचा थॉमस कॉक्रेन, आणि स्पीडी ही त्याच्या कारकिर्दीतली सुरुवातीची नौका.

या लढाईची गोष्ट इंटरनेटवर ‘५४ विरुद्ध ३१९’ अशा मथळ्याने अधूनमधून फिरत असते. सोबत बहुतेक वेळा हेच चित्र लावलेले असते. पण हे घडले कसे, त्यातले किती खरे मानायचे आणि त्या कप्तानाचे पुढे काय झाले, हे त्या पोस्टमध्ये सहसा नसते. तेच इथे समजून घेऊया.

थोडक्यात

• लढाई: ६ मे १८०१, बार्सिलोनाजवळ, भूमध्य समुद्र
• ब्रिटिश बाजू: एचएमएस स्पीडी, १४ तोफा, ५४ माणसे
• स्पॅनिश बाजू: एल गामो, ३२ तोफा, ३१९ माणसे
• निकाल: एल गामो ब्रिटिशांच्या ताब्यात
• चित्रकार: क्लार्कसन स्टॅनफील्ड (१७९३–१८६७)

स्पीडी केवढी होती?

स्पीडी ही १७८२ साली बांधलेली, दोन डोलकाठ्यांची ‘ब्रिग’ प्रकारची नौका. लांबी साधारण ७८ फूट, म्हणजे दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या भरतील तेवढी. एवढ्या जागेत १४ तोफा, दारूगोळा, पाणी, धान्य आणि सुमारे ९० माणसे कोंबलेली असत.

कॉक्रेनकडे ही नौका १८०० साली आली. तो सहा फुटांपेक्षा उंच होता आणि त्याच्या केबिनचे छत जेमतेम पाच फुटांवर. दाढी करायची तर छताची झडप उघडून डोके वर काढायचे आणि आरसा-वस्तरा डेकवर मांडायचा, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे.

खरी अडचण मात्र तोफांची होती. त्या ‘चार पाउंडी’ होत्या, म्हणजे प्रत्येक गोळ्याचे वजन चार पौंड, पावणेदोन किलोच्या आसपास. एका बाजूच्या सातही तोफा एकदम डागल्या तर २८ पौंड लोखंड बाहेर पडे. एवढे गोळे आपण दोन खिशांत घालून डेकवर फेऱ्या मारू शकत होतो, असे कॉक्रेन गमतीने सांगतो. त्याने मोठ्या तोफा मागवून पाहिल्या, पण त्यांचा धक्का सोसण्याइतके नौकेचे लाकूडच भक्कम नव्हते. त्या परत कराव्या लागल्या.

समोरचे जहाज कसे होते?

एल गामो हे ‘झेबेक फ्रिगेट’ होते. झेबेक हा भूमध्य समुद्रातला जुना जहाजप्रकार आहे. अंग निमुळते, वेग चांगला आणि शिडे बहुधा त्रिकोणी. लढाईसाठी बांधलेल्या मोठ्या झेबेकवर तोफांची लांबच लांब रांग असे.

गामोवर ३२ तोफा होत्या. त्यातल्या २२ तोफा बारा पाउंडी, म्हणजे स्पीडीच्या तोफांच्या तिप्पट वजनाचे गोळे फेकणाऱ्या. गामोच्या एका बाजूच्या माऱ्याचे वजन १९० पौंड भरते, म्हणजे जवळजवळ सातपट. माणसे ३१९, त्यातले ४५ नौसैनिक.

स्पीडीवर त्या दिवशी मात्र ५४ माणसेच होती. बाकीची कुठे गेली होती? कॉक्रेनने आधीच्या आठवड्यांत बरीच जहाजे पकडली होती. पकडलेले जहाज बंदरात पोचवायला त्यावर आपली काही माणसे पाठवावी लागतात. जितके यश जास्त, तितकी आपली नौका रिकामी. गामो समोर आले तेव्हा स्पीडीची नेमकी हीच अवस्था होती.

आधीची एक गाठ

ब्रिटन आणि स्पेन यांच्यात १७९६ पासून युद्ध चालू होते. स्पीडीचे काम होते स्पेनच्या किनाऱ्यावरची वाहतूक विस्कटून टाकण्याचे. तिने इतका उच्छाद मांडला की तिला पकडण्यासाठी स्पॅनिश युद्धनौका फिरू लागल्या.

तसे होणार हे ओळखून कॉक्रेनने स्पीडीला डेन्मार्कच्या एका व्यापारी नौकेसारखा रंग दिला होता. डॅनिश बोलणारा एक माणूसही त्याने जहाजावर घेतला होता. डिसेंबर १८०० मध्ये ती वेळ आली. व्यापारी वाटणारे एक मोठे जहाज जवळ गेल्यावर स्पॅनिश फ्रिगेट निघाले. कॉक्रेनने डॅनिश झेंडा चढवला आणि सोबत साथीच्या रोगाचा इशारा देणारा पिवळा झेंडाही. स्पॅनिश अधिकारी होडीतून चौकशीला आला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की आम्ही अल्जियर्सहून येतोय आणि तिथे प्लेगची साथ आहे. तो अधिकारी स्पीडीवर पाय न ठेवता परतला.

नौका वाचली, पण खलाशी नाराज झाले. लढायला मिळाले असते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वेळी संधी आली तर मागे हटणार नाही, असा शब्द कॉक्रेनला द्यावा लागला. ६ मेच्या पहाटे गामो दिसले तेव्हा हा शब्द पाळायची वेळ आली होती.

लढाई नेमकी कशी झाली?

पळून जाणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. कॉक्रेन उलट गामोच्या दिशेने निघाला. त्याच्या डावपेचाचे टप्पे असे:

१. वेळ काढणे. स्पीडीवर अमेरिकेचा झेंडा चढला. अमेरिका त्या युद्धात तटस्थ होती. गामोवरचे अधिकारी घोटाळ्यात पडले आणि तेवढ्या वेळात स्पीडीने सोयीची जागा गाठली. मग खरा ब्रिटिश झेंडा वर गेला.

२. लांबून लढायचेच नाही. लांबून लढले तर सातपट माऱ्यापुढे स्पीडीच्या फळ्या उरल्या नसत्या. म्हणून कॉक्रेनने नौका सरळ गामोच्या कुशीत नेली, इतकी की तिची शिडांची आडवी काठी गामोच्या दोरखंडांत अडकली.

३. उंचीचा फायदा. गामोचे डेक स्पीडीपेक्षा बरेच उंच होते. जहाजाच्या तोफा खिडक्यांतून डोकावतात आणि त्यांचे तोंड एका मर्यादेपलीकडे खाली वळत नाही. स्पीडी अगदी चिकटल्यावर गामोचे गोळे तिच्या लोकांच्या डोक्यांवरून जाऊ लागले. नुकसान झाले ते शिडांचे आणि दोरांचे. स्पीडीच्या तोफा मात्र तोंडे वर करून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीत एकाऐवजी तीन गोळे भरले होते. ते गोळे गामोच्या डेकमधून वर घुसले. पहिल्याच माऱ्यात गामोचा कप्तान फ्रान्सिस्को दे तोरेस मारला गेला.

४. चढाई चुकवणे. स्पॅनिश सैनिक संख्येने जास्त होते, त्यामुळे स्पीडीवर उड्या टाकून ती काबीज करणे त्यांना सोपे होते. त्यांनी तसा प्रयत्न केला. पण हुकूम ऐकू आला की स्पीडी थोडी बाजूला सरके, बंदुका आणि तोफा डागे आणि पुन्हा चिकटे.

५. शेवटचा डाव. असे किती वेळ चालणार? शिडे फाटत चालली होती. तासाभराने कॉक्रेनने ठरवले की आता आपणच चढाई करायची. जहाजाच्या डॉक्टरने सुकाणू धरले आणि बाकीचे जवळपास सगळे गामोवर चढले. एक तुकडी तोंडाला काळे फासून पुढच्या बाजूने धुरातून बाहेर आली. तिला पाहून स्पॅनिश सैनिक क्षणभर थबकले, तेवढ्यात दुसरी तुकडी मधल्या भागात घुसली. कॉक्रेनने खाली वाकून ओरडून सांगितले, ‘अजून पन्नास जण पाठवा!’ खाली पाठवायला कोणी उरलेच नव्हते. त्याच सुमारास त्याच्या सांगण्यावरून एका खलाशाने स्पॅनिश झेंडा उतरवला. आपल्याच अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली, असे समजून गामोवरच्यांनी शस्त्रे टाकली.

गामोवर १५ जण मेले आणि ४१ जखमी झाले. स्पीडीवर तिघे मेले आणि काही जखमी झाले. त्यात कॉक्रेनचा दुय्यम अधिकारी लेफ्टनंट पार्कर याला बंदुकीच्या आणि तलवारीच्या गंभीर जखमा झाल्या होत्या.

जिंकल्यानंतर खरी धास्ती

आता गामोवर धडधाकट असे २६३ कैदी होते आणि त्यांच्यावर नजर ठेवायला कॉक्रेन जेमतेम ३० माणसे देऊ शकत होता. कैद्यांना तळाच्या कोठारात उतरवले आणि वरच्या तोंडाशी तोफा त्यांच्याकडे रोखून ठेवल्या. पकडलेल्या जहाजाचा ताबा कॉक्रेनच्या धाकट्या भावाकडे, आर्चिबाल्डकडे दिला. अशा अवस्थेत दोन्ही जहाजे मिनोर्का बेटावरच्या माहोन बंदरात पोचली. ते बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते.

कॉक्रेनने सांगितलेला एक प्रसंग असा: गामोच्या एका अधिकाऱ्याने त्याच्याकडे ‘मी माझे कर्तव्य बजावले’ असा दाखला मागितला. कॉक्रेनने दोन्ही अर्थ निघतील असा दाखला लिहून दिला, की हा गृहस्थ खऱ्या स्पॅनिश माणसासारखा वागला. अधिकारी खूश होऊन गेला. किस्सा मजेशीर आहे, पण तो जिंकणाऱ्याने सांगितलेला आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

खोटा झेंडा लावणे चालत होते का?

आज वाचताना हा प्रश्न पडतोच. त्या काळच्या समुद्री युद्धाच्या रिवाजानुसार चालत होते, पण एका अटीवर. जवळ जाण्यासाठी किंवा सुटून जाण्यासाठी दुसऱ्या देशाचा झेंडा लावता येई, मात्र पहिला गोळा डागण्याआधी आपला खरा झेंडा चढवावाच लागे. कॉक्रेनने हा नियम पाळला. त्यामुळे त्याच्या समकालीनांनी याला दगाबाजी न म्हणता चतुराई म्हटले.

बक्षीस काय मिळाले?

अपेक्षेपेक्षा खूपच कमी. पकडलेले जहाज नौदलाने विकत घेतले की त्याची रक्कम खलाशांत वाटली जायची. गामो नौदलाने घेतले नाही. ते अल्जियर्सच्या राज्यकर्त्याला स्वस्तात विकले गेले.

कॉक्रेनला ऑगस्ट १८०१ मध्ये बढती मिळाली, पण जखमी पार्करसाठी त्याने केलेली मागणी अडली. कॉक्रेनच्या सांगण्यानुसार, नौदलाचे प्रमुख लॉर्ड सेंट व्हिन्सेंट यांनी कारण दिले की स्पीडीवर मेलेल्यांची संख्या बढती देण्याइतकी मोठी नाही. कॉक्रेनने उलट लिहिले की ज्या लढाईसाठी आपल्याला उमरावपद मिळाले, तिच्यात आपल्या स्वतःच्या जहाजावर एकच माणूस मेला होता. मुद्दा बिनतोड होता. पण वरिष्ठांना असे सुनावण्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली, आणि पार्करचेही त्यात भले झाले नाही.

तोपर्यंत स्पीडीही हातची गेली होती. ३ जुलै १८०१ रोजी तीन मोठ्या फ्रेंच युद्धनौकांनी तिला गाठले. तोफा आणि सामान समुद्रात फेकून हलकी करूनही ती निसटू शकली नाही. कॉक्रेनने तलवार पुढे केली, तेव्हा फ्रेंच कप्तानाने ती घेण्यास नकार दिला आणि त्याला तलवारीसह कैदी म्हणून ठेवले. स्पीडीवरच्या तेरा महिन्यांत त्याने ५० हून अधिक जहाजे, १२२ तोफा आणि ५३४ कैदी पकडले होते.

चित्रकाराने हे पाहिले होते का?

नाही. लढाई झाली तेव्हा स्टॅनफील्ड सात-आठ वर्षांचा मुलगा होता. हे चित्र पुढे अनेक वर्षांनी, ऐकीव आणि लिखित माहितीवरून काढलेले आहे.

पण समुद्र त्याला माहीत होता. त्या काळी ब्रिटिश नौदल माणसे कमी पडली की तरुणांना जबरदस्तीने पकडून भरती करत असे. स्टॅनफील्ड १८०८ मध्ये असाच नौदलात ओढला गेला. काही वर्षांनी दुखापत झाल्यामुळे त्याला सोडण्यात आले. मग तो रंगभूमीकडे वळला आणि लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहासाठी मोठमोठे पडदे रंगवू लागला. १८३५ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला. १८३६ मध्ये त्याचे ट्रफाल्गरच्या लढाईचे चित्र गाजले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स त्याचा जवळचा मित्र होता.

या दोन्ही अनुभवांचा त्याला उपयोग झाला. दोर कुठे ताणला जातो आणि लाट जहाजाला कशी उचलते, हे तो खलाशी म्हणून शिकला होता. हजार प्रेक्षकांना एका नजरेत प्रसंग कळला पाहिजे, हे त्याला नाट्यगृहाने शिकवले होते. गामोच्या चित्रात त्याने निवडलेला प्रसंगही असाच आहे: लहान आणि मोठे जहाज जवळ आलेले. आकारातला फरक दिसला की निम्मी गोष्ट सांगून होते.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

या लढाईची माहिती दोन प्रकारच्या कागदांतून येते. पहिले म्हणजे कॉक्रेनने लढाईनंतर लगेच आपल्या वरिष्ठाला पाठवलेले अधिकृत पत्र. ते छोटे आणि कोरडे आहे. माणसांची संख्या, तोफांची संख्या, मृत आणि जखमी यांचे आकडे त्यात आहेत. ‘५४ विरुद्ध ३१९’ हा आकडा तिथलाच, म्हणून तो भक्कम मानला जातो.

दुसरे म्हणजे त्याचे आत्मचरित्र. खिशातले गोळे, छतातून डोके काढून केलेली दाढी, काळी तोंडे, ‘अजून पन्नास जण पाठवा’ ही हाक आणि तो दाखला, असे रंगतदार तपशील आपल्याला मुख्यतः तिथून कळतात. हे पुस्तक १८६० च्या सुमारास आले, म्हणजे लढाईनंतर जवळपास साठ वर्षांनी. तेव्हा कॉक्रेन ८४ वर्षांचा होता आणि लेखनात त्याला दुसऱ्याची मदत होती. तपशील खोटे आहेत असे म्हणायला आधार नाही. पण ते एकाच बाजूचे आहेत, आणि लिहिणाऱ्याला आपले नाव स्वच्छ करायचे होते.

नाव खराब का झाले होते?

कारण एक खोटी बातमी. २१ फेब्रुवारी १८१४ रोजी लष्करी गणवेशातला एक माणूस डोव्हरला उतरला आणि नेपोलियन मारला गेल्याची बातमी त्याने पसरवली. लंडनच्या शेअर बाजारात सरकारी रोख्यांचे भाव उसळले. दुपारपर्यंत बातमी खोटी निघाली, पण तोवर काहींनी रोखे विकून नफा कमावला होता. त्यात कॉक्रेनचा काका होता आणि खुद्द कॉक्रेनचेही रोखे त्याच दिवशी विकले गेले होते. शिवाय तो गणवेशातला माणूस लंडनमध्ये आल्यावर कॉक्रेनच्या घरी गेला होता.

कॉक्रेन दोषी ठरला. एक वर्षाची कैद आणि हजार पौंड दंड झाला. नौदलातून नाव काढले गेले, संसदेतून हकालपट्टी झाली, सन्मान काढून घेतला गेला. वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी मात्र त्याला लगेच पुन्हा निवडून दिले. आपण निर्दोष आहोत, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. इतिहासकारांचे यावर आजही एकमत नाही.

पुढे तो चिलीला गेला आणि स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात चिलीच्या नौदलाचा प्रमुख झाला. १८२० मध्ये त्याने व्हाल्दिव्हियाचे किल्ले घेतले आणि कायाओ बंदरातून ‘एस्मेराल्दा’ हे स्पॅनिश फ्रिगेट रात्रीच्या चढाईत पळवले. नंतर त्याने ब्राझील आणि ग्रीसच्या नौदलांचेही नेतृत्व केले. १८३२ मध्ये त्याला माफी मिळाली आणि तो ब्रिटिश नौदलात परतला. १८६० मध्ये त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याची कबर आहे.

कादंबरीतही हीच लढाई

पॅट्रिक ओब्रायन यांच्या ‘मास्टर अँड कमांडर’ (१९६९) या कादंबरीत सोफी नावाची छोटी ब्रिग ‘काकाफुएगो’ हे मोठे स्पॅनिश जहाज जिंकते. ती लढाई स्पीडी आणि गामोवरूनच घेतलेली आहे. २००३ च्या रसेल क्रोच्या चित्रपटाचे नाव या कादंबरीवरून आले असले तरी त्यात ही लढाई नाही.

पुढच्या वेळी हे चित्र दिसले तर

त्यात जिंकणारे जहाज दिसते, पण गामोच्या कप्तानासह मेलेले १५ जण आणि तळात कोंडलेले २६३ कैदी दिसत नाहीत. जखमी पार्करची अडलेली बढतीही दिसत नाही. चित्र काढले गेले, कादंबरी लिहिली गेली आणि पोस्ट फिरत राहिल्या त्या कॉक्रेनच्या नावाने. गामोवर असलेल्या कोणाचेही नाव त्या गोष्टीत सहसा येत नाही.

त्याच कप्तानाबद्दल दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवता येतात. समुद्रावर त्याने खोटा झेंडा लावला, पण गोळा डागण्याआधी खरा झेंडा चढवला. तेरा वर्षांनी जमिनीवर खोट्या बातमीच्या खटल्यात तो दोषी ठरला, आणि त्या वेळी त्याने झेंडा बदलला होता की नव्हता, यावर अजून वाद आहे. ‘५४ विरुद्ध ३१९’ ची पोस्ट पुढे पाठवताना आकडा बिनधास्त पाठवा, तो पक्का आहे. किस्से पाठवताना मात्र ‘कॉक्रेनने सांगितल्यानुसार’ एवढे दोन शब्द सोबत जोडा.